रक्ताची वाट आणि यकृत : दीडशे वर्षांच्या संशोधनाचा आढावा

महाराष्ट्रात असा तालुका क्वचितच सापडेल, की जेथे कावीळ उतरवून देणारा माणूस नाही. कोणी गळ्यात माळ घालतो आणि ती दिवसेंदिवस लांबत गेली म्हणजे रोग हटला असे सांगतो, कोणी रोग्याचे हात चुन्याच्या निवळीने धुऊन परातीत उतरलेले पिवळे पाणी नातेवाइकांना दाखवितो, कोणी नाकात कसल्याशा रसाचे थेंब सोडतो, तर कोणी दंडावर तापल्या सळईचा डाग देतो. या मंडळींना यश येते ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. कारण दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुसंख्य रोग्यांत काही आठवड्यांनी आपली आपणच उतरते, आणि ती उतरते त्या वेळी जो कोणी उशाशी हजर असेल त्याच्या पदरात श्रेय पडते. वैद्यकशास्त्रापुढील खरा प्रश्न बरे होणाऱ्यांचा नव्हताच. जे बरे होत नाहीत, किंवा ज्यांना कधी कावीळ झाल्याचे आठवतही नाही आणि तरीही जे वीस-तीस वर्षांनी जलोदराने वा रक्ताच्या उलटीने दगावतात, त्यांचा तो प्रश्न होता. या प्रश्नावर गेल्या सुमारे दीडशे वर्षांत जे संशोधन झाले त्याचा आढावा घेऊ लागले असता असे ध्यानी येते, की यकृताचा रोग पुष्कळदा रक्ताच्या वाटेने येतो, यकृताचा रोगी पुष्कळदा रक्तवाहिन्यांच्या बिघाडाने जातो, आणि संशोधकांची दृष्टी जेव्हा नुसत्या अवयवावरून या वाटांकडे वळली तेव्हाच शास्त्राचे पाऊल खऱ्या अर्थाने पुढे पडले.

यकृताची रचनाच अशी आहे, की त्याचा विचार रक्तवाहिन्यांवाचून करता येऊ नये. सुमारे दीड किलो वजनाच्या या अवयवातून मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त वाहते. त्यातील एक चतुर्थांश भाग यकृतरोहिणीने येतो आणि उरलेला तीन चतुर्थांश भाग, जिला आपल्या परिभाषेत प्रवेशिका नीला म्हणतात आणि डॉक्टर ‘पोर्टल व्हेन’ म्हणतात, तिच्यातून, म्हणजे आतडी, जठर व प्लीहा यांना भिजवून आलेल्या रक्ताच्या रूपाने येतो. जुन्या संस्थानांच्या सरहद्दीवर प्रत्येक गाडी जकातनाक्यावर उभी राहून तपासली जाई, तसे पोटातून निघालेले प्रत्येक द्रव्य, मग ते अन्न असो, मद्य असो, औषध असो वा विष, हृदयाकडे जाण्यापूर्वी या ठिकाणी तपासले जाते. ज्या सूक्ष्म वाहिन्यांतून हे रक्त यकृतपेशींना भिडते त्यांच्या भिंतींना नैसर्गिकच छिद्रे असतात, आणि भिंतीलगत एक ताराकृती पेशी असते, जिचे वर्णन कुप्फर या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ मध्येच केले होते. निरोगी स्थितीत जीवनसत्त्व ‘अ’चा साठा सांभाळणारी हीच पेशी दीर्घकाळ इजा होत राहिली म्हणजे आपला स्वभाव बदलते, तंतू निर्माण करू लागते, छिद्रे बुजतात, आणि यकृत हळूहळू कठीण व गाठाळ होत जाते. यालाच यकृत सूत्रण रोग किंवा सिऱ्होसिस म्हणतात.

रोग रक्तातून येतो याचा पहिला स्पष्ट दाखला जर्मनीतील ब्रेमेन शहराचा आहे. तेथील जहाजबांधणीच्या कारखान्यात १८८३ मध्ये १,२८९ कामगारांना मानवी लसिकेपासून तयार केलेली देवीची लस टोचण्यात आली, आणि पुढील काही महिन्यांत त्यांपैकी १९१ जणांना कावीळ झाली. ज्यांना वेगळ्या साठ्यातील लस मिळाली होती ते मात्र सुखरूप राहिले. ल्युर्मान या डॉक्टरने ही हकिकत १८८५ मध्ये प्रसिद्ध केली, आणि ती वाचून जगाने जे शिकायचे ते सुमारे साठ वर्षे शिकले नाही. १९४२ मध्ये अमेरिकन सैन्याला पीतज्वराची जी लस देण्यात आली तिच्यात मानवी रक्तरस घातलेला होता. परिणामी सुमारे पन्नास हजार सैनिक काविळीने रुग्णालयात दाखल झाले. १९४७ मध्ये मॅक्कॅलम या ब्रिटिश डॉक्टरने पाण्यातून व अन्नातून येणाऱ्या यकृतशोथाला (हिपॅटायटिसला) ‘ए’ आणि रक्तातून येणाऱ्याला ‘बी’ अशी नावे दिली, एवढेच काय ते दुसऱ्या महायुद्धाचे या शास्त्राला देणे.

यानंतरचा एक अध्याय वाचताना संताप आल्यावाचून राहत नाही. न्यूयॉर्क शहरात विलोब्रुक येथे मतिमंद मुलांची एक सरकारी संस्था होती. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून सॉल क्रुगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील मुलांना यकृतशोथाचा संसर्ग हेतुपुरस्सर घडवून आणला, आणि दोन प्रकारचे यकृतशोथ वेगळे आहेत हे १९६७ मध्ये निर्विवाद सिद्ध केले. पालकांची संमती घेतली होती आणि मुलांना तेथे हा रोग एरव्हीही झालाच असता, असा बचाव त्यांनी अखेरपर्यंत केला. शास्त्राला त्या प्रयोगांतून लाभ झाला हे खरे. पण जो स्वतः नकार देऊ शकत नाही त्याच्या देहावर मिळविलेल्या ज्ञानाचा हिशेब केवळ लाभाच्या रकान्यात मांडून चुकता होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विषाणू प्रत्यक्ष सापडला तो मात्र यकृताचा शोध मुळीच न घेणाऱ्या माणसाला. बारूक ब्लूमबर्ग हे निरनिराळ्या मानववंशांच्या रक्तातील प्रथिनांत आनुवंशिक भेद कोणते, याचा अभ्यास करीत जगभरातील रक्ताचे नमुने गोळा करीत होते. ज्याला वारंवार रक्त द्यावे लागते अशा रोग्याच्या शरीरात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असणार, या तर्काने त्यांनी व हार्वी ऑल्टर यांनी रक्तस्रावी विकाराच्या एका न्यूयॉर्कवासी रोग्याचा रक्तरस १९६३ मध्ये अनेक नमुन्यांशी ताडून पाहिला, तेव्हा तो ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तातील पदार्थाशी जुळला. या पदार्थाला त्यांनी ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ म्हटले. त्याचा यकृतशोथाशी संबंध आहे हे पुढे चार वर्षांनी, त्यांच्याच प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञ स्त्रीला कावीळ होऊन तिच्या रक्तात तो पदार्थ नव्याने दिसू लागला तेव्हा, पक्के ठरत गेले. तो ‘बी’ विषाणूच्या कवचाचा भाग होता. ब्लूमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, आणि २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

या शोधाने दान केलेल्या रक्ताची चाचणी शक्य झाली हा त्याचा तात्कालिक लाभ. पण त्याहून मोठी फलश्रुती तैवानमध्ये दिसली. तेथे बीस्ली यांनी २२,७०७ सरकारी नोकरांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून, रक्तात हा प्रतिजन बाळगणाऱ्यांना यकृताचा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या दोनशेपटींहून अधिक असतो, असा निष्कर्ष १९८१ मध्ये मांडला. नवजात बालकाला आईकडून संसर्ग झाला तर दहांपैकी नऊ बालकांत तो जन्मभर टिकतो, प्रौढाला झाला तर शंभरांत पाचही जणांत टिकत नाही. म्हणून लस द्यायची तर ती पाळण्यातच द्यावयास हवी, हे ओळखून तैवानच्या सरकारने १९८४ पासून अर्भकांचे लसीकरण सुरू केले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण दर लाखामागे ०.७० होते ते ०.३६ वर आले, ही नोंद १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि लशीने कर्करोग टळतो याचा मनुष्यजातीला मिळालेला तो पहिला पुरावा होय. भारतात मात्र परदेशी लशीची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये स्वदेशी लस बाजारात आणली तेव्हा ती किंमत झपाट्याने उतरली, आणि देशभरच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात या लशीचा समावेश झाला तो २०११ मध्ये. तैवान आणि आपण यांच्यामधील ही पाव शतकाची तफावत आजच्या वॉर्डांतील चाळिशीच्या रोग्यांत दिसते.

‘सी’ विषाणूची कथा पुष्कळांना परिचित आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. रक्त दिल्यानंतर होणाऱ्या, पण ‘ए’ही नव्हे आणि ‘बी’ही नव्हे अशा यकृतशोथाचे कोडे मायकेल हॉटन, क्वी-लिम चू, जॉर्ज कुओ आणि डॅनियल ब्रॅडली यांनी १९८९ मध्ये, विषाणू डोळ्यांनी न पाहता केवळ त्याच्या जनुकीय तुकड्यावरून, उलगडले. हॉटन यांनी पुढे एक मोठे पारितोषिक, चू व कुओ यांना त्यात वाटा नाही म्हणून, नाकारले. २०२० चे नोबेल त्यांना ऑल्टर व चार्ल्स राइस यांच्यासह मिळाले तेव्हा मात्र ते त्यांनी स्वीकारले. २०१३ अखेरीस मान्यता मिळालेल्या सोफोसबुविरने हा रोग बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी मुळापासून बरा होऊ लागला; अमेरिकेत त्या उपचाराची किंमत ८४,००० डॉलर होती, आणि तेच औषध परवाना घेऊन भारतीय कंपन्या त्याच्या अल्पांशाने बनवू लागल्या. इजिप्तचे उदाहरण मात्र विस्ताराने सांगण्याजोगे आहे. नाईलच्या काठी पसरलेल्या बिल्हार्झिया या कृमिरोगाच्या निर्मूलनासाठी तेथील सरकारने अनेक दशके शिरेतून इंजेक्शने देण्याची मोहीम राबविली. सुया पुरेशा निर्जंतुक न करता पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या, आणि एका रोगाच्या बंदोबस्तासाठी निघालेल्या मोहिमेने दुसरा रोग घरोघर पोहोचविला. त्याच देशाने २०१८-१९ मध्ये सात महिन्यांत सुमारे पाच कोटी प्रौढांची तपासणी केली आणि बाधितांना सरकारी खर्चाने औषध दिले. चुकीची कबुली राज्यकर्त्यांनी शब्दांत कितपत दिली ते सोडून देऊ. कृतीने तिची भरपाई एवढ्या प्रमाणावर झाल्याचे दुसरे उदाहरण सहजी आठवत नाही.

पाण्याच्या वाटेने येणाऱ्या यकृतशोथाचा विचार करताना भारताकडेच वळावे लागते. १९५५ च्या अखेरीस यमुनेचा प्रवाह बदलल्यामुळे नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या पाणी उपसा केंद्राकडे मागे सरकले; अधिकाऱ्यांना धोक्याची जाणीव झाली होती व त्यांनी तुरटी आणि क्लोरीन यांचे प्रमाण वाढविलेही, त्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही, परंतु काही आठवड्यांनी दिल्लीत सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. जिवाणू मारण्यास पुरेसा ठरलेला क्लोरीन या विषाणूला पुरा पडला नाही, हा धडा भारतीय पाणीपुरवठ्याच्या इतिहासात कोरून ठेवण्यासारखा आहे. रोग ‘ए’ प्रकारचाच असणार असे सर्वांनी गृहीत धरले. पण त्या साथीतील जपून ठेवलेले रक्तरस आणि अहमदाबाद व पुणे येथील नंतरच्या साथींतील नमुने यांची तपासणी १९८० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तो ‘ए’ नव्हता आणि ‘बी’ही नव्हता असे निष्पन्न झाले; त्याच वर्षी काश्मीर खोऱ्यातील साथीवरून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी हा पाण्यातून येणारा निराळाच विषाणू असावा आणि तो गर्भवती स्त्रियांना विशेष घातक असतो, असे प्रतिपादन केले. १९८३ मध्ये मिखाईल बालायान या सोव्हिएत संशोधकाने रोगी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन केला, स्वतःला कावीळ करून घेतली आणि स्वतःच्या विष्ठेत तो विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. विलोब्रुकचे प्रयोग आणि हा प्रयोग यांतील अंतर वाचकांस वेगळे सांगावयास नको. या ‘ई’ विषाणूवर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने पुढे मोलाचे काम केले. मैलावाहिनी आणि जलवाहिनी शेजारी-शेजारी टाकण्याची आपल्या नगरपालिकांची रीत मात्र त्या कामाने बदलली नाही.

आता रक्तवाहिन्यांकडे वळू. यकृत कठीण झाले की प्रवेशिका नीलेतील रक्ताला पुढे वाट मिळत नाही, तिच्यातील दाब वाढतो, प्लीहा फुगते, पोटात पाणी साठते, आणि तुंबलेले रक्त ग्रसिकेच्या तळाशी असलेल्या बारीक नीलांतून आडवाट शोधते; त्या नीला फुगून एके दिवशी फुटतात. यकृताच्या सूक्ष्म वाहिन्यांच्या अलीकडील व पलीकडील दाबांत निरोगी माणसात पाऱ्याच्या पाच मिलिमीटरपर्यंत फरक असतो. तो दहापर्यंत गेला की धोका सुरू होतो आणि बारा ओलांडला की रक्तस्राव संभवतो. हे रक्त यकृताला वळसा घालून थेट पुढे न्यावे, ही कल्पना निकोलाय एक या रशियन लष्करी डॉक्टरने १८७७ मध्ये कुत्र्यांवर करून पाहिली. आठ कुत्र्यांपैकी एकच तगले, आणि तेही अडीच महिन्यांनी प्रयोगशाळेतून पळून गेले. पुढे पाव्हलॉव्ह यांनी ही शस्त्रक्रिया सुधारली, तेव्हा अशा कुत्र्यांना मांस खाऊ घातले असता ती बेभान होतात व बेशुद्ध पडतात असे आढळले: जकात चुकवून शिरलेला माल मेंदूपर्यंत पोहोचत होता. माणसांवर ही शस्त्रक्रिया १९४५ च्या सुमारास सुरू झाली. तिने रक्तस्राव थांबे, पण कित्येकांची बुद्धी झाकोळे.

या कोंडीतून वाट निघाली ती हृदयविकारासाठी बनविलेल्या एका जुन्या व स्वस्त गोळीने. पॅरिसनजीकच्या रुग्णालयात दिदिए लब्रेक यांनी, प्रोप्रॅनोलॉल हे औषध प्रवेशिका नीलेतील दाब उतरवील, असा तर्क केला. १९८१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत वर्षाअखेर ते औषध घेणाऱ्यांपैकी ९६ टक्के रोगी पुन्हा रक्तस्राव न होता राहिले, तर निर्गुण गोळी घेणाऱ्यांपैकी ५० टक्केच. नंतरच्या चाचण्यांत एवढा डोळे दिपविणारा फरक दिसला नाही, तरी औषध टिकले. दुर्बिणीतून फुगलेल्या नीलांना रबरी कडी बसविण्याची युक्ती त्याच दशकात आली, आणि आज या दोहोंचा वापर जोडीने होतो. त्याहून मोठे स्थित्यंतर विचारात झाले. सूत्रण एकदा झाले की ते कायमचे, असे जुने ग्रंथ सांगत. परंतु टेनोफोविर हे ‘बी’वरील औषध पाच वर्षे घेतलेल्या रोग्यांच्या यकृताचे तुकडे तपासले असता, ज्या ९६ जणांना आरंभी सिऱ्होसिस होता त्यांपैकी ७१ जणांत तो उरला नव्हता, हे २०१३ मध्ये सिद्ध झाले. मूळ कारण दूर केले तर तंतू विरघळू शकतात.

विषाणूंच्या झगमगाटात दोन भारतीय शोध झाकले जातात, त्यांची येथे नोंद करणे अगत्याचे वाटते. १९७० च्या दशकात तत्कालीन मध्य प्रदेशातील सरगुजा जिल्ह्यात आदिवासी गावांत जलोदराची साथ आली, तेव्हा डॉ. बी. एन. टंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की गोंदली या भरडधान्यात खुळखुळ्याच्या जातीच्या रानवनस्पतीचे बी मिसळले जात होते, आणि त्यातील विष यकृतातून बाहेर पडणाऱ्या बारीक नीलाच बुजवीत होते. येथे यकृतपेशींचा अपराध काहीच नव्हता. मोरीचे तोंड बंद झाले होते. वनस्पतीज आहे म्हणून ते निरुपद्रवी, ही आपल्याकडची समजूत किती पोकळ आहे याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावयास नको.

दुसरा शोध पुण्याचा. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचे यकृत दगडासारखे होऊन ती वर्षभरात दगावत, असा एक रोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भारतात ज्ञात होता आणि एकेका घरात लागोपाठ मुले जात असल्याने त्याला दैवाचा किंवा वंशाचा दोष मानीत. यकृतात तांब्याचे प्रमाण अफाट असते एवढे कळले होते. ते कोठून येते हे कळत नव्हते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी लेस्टरच्या डॉ. टॅनर यांच्याबरोबर १९८० च्या दशकात घरोघरच्या आहाराची रुजुवात केली, तेव्हा उत्तर चुलीपाशी सापडले: आईचे दूध लवकर तोडून गाई-म्हशीचे दूध दिलेल्या मुलांसाठी ते कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवले जाई, आणि दुधातील प्रथिन तांबे ओढून घेई. भांडे बदला, एवढाच उपदेश होता. स्टीलच्या भांड्यांनी त्याला हातभार लावला, आणि एके काळी बालरुग्णांच्या वॉर्डात नित्य दिसणारा हा रोग दिसेनासा झाला. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातही अशाच भांड्यांनी १९०० ते १९७४ या काळात शंभराहून अधिक अर्भके गेल्याचे पुढे उघड झाले. एकही नवे औषध न शोधता रोग नाहीसा करणाऱ्या या पुणेकर संशोधनाला आपल्या पाठ्यपुस्तकांत अर्धे पान मिळू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

यकृताचे दुखणे यकृतापाशी थांबत नाही, हे अलीकडच्या संशोधनाचे मुख्य सूत्र होय. ‘बी’ विषाणू आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडे यांचे संयुग मध्यम आकाराच्या रोहिण्यांच्या भिंतींत अडकून त्यांना सूज आणते, हे १९७० मध्ये दिसले. ‘सी’च्या रोग्यांत थंडीने गोठणारी प्रथिने बारीक वाहिन्या बुजवून पायांवर जांभळे ठिपके उठवितात व मूत्रपिंडे बिघडवितात, आणि विषाणू गेला की पुष्कळांत हा उपद्रवही ओसरतो. पण संख्येने या सर्वांना मागे टाकले आहे ते मेदाने भरलेल्या यकृताने. मद्य न पिणाऱ्या माणसांच्या यकृतात मद्यप्याच्या यकृतासारखेच दृश्य दिसते, असे लुडविग यांनी १९८० मध्ये मेयो क्लिनिकमधून कळविले तेव्हा ते कुतूहल होते. आज ती जगाची चिंता आहे. असे रोगी पुष्कळदा यकृताने मरत नाहीत, हृदयाच्या व मेंदूच्या रोहिण्या बुजून मरतात. पुण्याच्याच के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपले आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून या गोष्टीचे मर्म दाखविले: दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणारा आपला माणूस आतून मेदस्वी असतो, म्हणून वजनकाट्यावर विसंबणे आपल्याला परवडणारे नाही. या विकारावरील पहिल्या औषधाला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली. वजन घटविणे व चालणे यांना ते पर्याय नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२२ साली विषाणुजन्य यकृतशोथाने जगात १३ लाख माणसे मेली, आणि भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोक ‘बी’चे व ५५ लाख लोक ‘सी’चे बाधित होते; त्यांतील बहुसंख्यांना आपल्या रोगाची वार्ताही नव्हती. यकृतारोपणाच्या यशाच्या बातम्या आपण कौतुकाने वाचतो आणि त्या कौतुकास्पद आहेतही. परंतु जो रोग सुई, रक्त, पाणी आणि भांडे यांच्या पातळीवर थोड्या खर्चात अडविता येतो त्याला अखेरच्या पायरीवर लाखो रुपये खर्चून गाठण्याची ही रीत शहाणपणाची नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ‘बी’ आणि ‘सी’ या दोहोंची तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयांत विनामूल्य देण्याची तजवीज आहे. ज्यांनी कधी रक्त घेतले असेल, ज्यांची शस्त्रक्रिया झाली असेल, ज्यांच्या घरात कोणाला जलोदर वा यकृताचा कर्करोग झाला असेल, त्यांनी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घ्यावी, आणि घरात मूल जन्माला आले तर ‘बी’ची लस पहिल्या चोवीस तासांत टोचली गेली की नाही याची खातरजमा स्वतः करावी.